दोन कड्यांची सवत

जुन्या बोरमाळेचा दोरा बनुबाईनं दातानं तोडला आणि मणी परातीत सोडले. दोरा कुणाकुणाच्या घामानं काळा पडून ताठला होता. तो तिनं चुलीपाशी फेकला, नवा रेशमी दोरा घेऊन त्याचं एक टोक उजव्या पायाच्या अंगठ्याला अडकवलं आणि ताणून पीळ द्यायला सुरुवात केली. हा अंगठा लहानपणी जात्याची पाळी पडून चपटा झाला होता. दोरा त्यावरून घसरत नसे, एवढाच त्याचा उपयोग.

"आक्का हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

दारात एक बाई उभी होती. वय पंचविशीचं, फार तर तिशीचं. हातात वायरची पिशवी, कपाळावर घामानं पसरलेलं कुंकू. एसटीतून उतरून थेट आलेली दिसत होती.

"हितंच. ये, आत ये. पायाखाली बघ, मणी हायती."

साताऱ्याच्या बाजारपेठेमागच्या त्या बोळात बनुबाईला सगळे आक्काच म्हणत. माण सोडून आलेल्या तिला नावानं हाक मारणारं माणूस आता कुणी उरलं नव्हतं. तिचा धंदा जुन्या डागिन्यांचा. बहात्तरच्या दुष्काळात माण-आटपाडीकडच्या बाया पदरात गाठी बांधून साताऱ्याला यायच्या आणि सोनार ते सगळं न बघताच मुशीत टाकायचे. आज्जीची पुतळी, सासूचा फासा, कुणाच्या बारशाची वाळी, सगळ्यांचा मिळून एक गोळा. बनुबाईला ते बघवायचं नाही. तेव्हापासून तिला जमेल तसं ती घेऊ लागली. घेतलेलं उसवायची, पुसायची आणि त्याच तुकड्यांचं काहीतरी नवं ओवायची. मोडक्या ठुशीतून कानातले वेल, एका पुतळीच्या दोन बाजूंना काळे मणी घालून कॉलेजातल्या पोरींसाठी नाजूक पोत. महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्यांच्या बायका मुद्दाम खाली येऊन तिच्याकडून माळा नेत. "मी मोडते, पर आटवत न्हाई," असं ती सगळ्यांना सांगायची, आणि जरा तोऱ्यातच सांगायची.

जुन्याचं नवं करायचा एवढा नाद असलेल्या या बाईनं स्वतःचा गळा मात्र होता तसाच ठेवला होता. काळ्या मण्यांत डोरल्याची एकच वाटी. दुसऱ्या वाटीच्या जागी पोवळ्याचा एक मणी, जागा अडवून ठेवायला. ती वाटी नवऱ्यानं नेली होती. नाथाजी मुंबईला गोदीत कामाला होता, वर्षातून एकदा यायचा. त्यांचं पोरगं दात येताना तीच वाटी चावत बसायचं, आणि तिच्या काठाला दोन बारके खड्डे पडले होते. पुढं पोरगं गोवरानं गेलं. खड्डे राहिले. "त्ये बघून तू रडत बसतीस," नाथाजी म्हणाला होता, "मुंबैत चांगलं कारागीर हायती, ठोकून सरळ करून आणतो." ते खड्डे सरळ व्हायला नको होते, पण नवऱ्याला तसं सांगायचं धाडस तिला झालं नाही. वाटी रुमालाच्या टोकाला बांधून तो गेला. त्यानंतर एकदा आला तो वाटीशिवाय, आणि मग आलाच नाही.

लोक म्हणाले, मेला असेल. बनुबाईनं कुंकू पुसलं नाही. येईल, असं तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण रोज सकाळी आरशात बघून ती जे कुंकू लावायची ते त्याच्याच भरवशावर.

आलेल्या बाईनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि पदराआडून गळ्यातलं काढलं. काळ्या पोतीत अंगठ्याच्या नखाएवढी सोन्याची गोल टिकली होती. टिकलीवर हात जोडलेल्या बाईची आकृती उठवलेली.

"सवत हाय, आक्का."

ते बनुबाईला दिसतच होतं. पहिली बायको मेल्यावर पुरुषानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीची अशी प्रतिमा घालायची, म्हणजे मेलेली मागं लागत नाही. सणासुदीला पहिलं पातळ तिच्यापुढं ठेवायचं, पहिला घास तिला दाखवायचा. अशा सवती तिच्या परातीत याआधीही येऊन गेल्या होत्या.

"मग काय करायचंय हिचं?"

"ही तोंड फिरवती." बाईचा आवाज एकदम खाली गेला. "सकाळी नीट करून घालते, दुपारपातूर पाठ केलेली असती. माझं दोनदा पोट रिकामं झालं, आक्का. माझी माहेरची आत्या म्हणती, सवत पाठ करून बसल्यावर मूल कुठनं टिकंल? आता तिसऱ्यांदा दिस गेल्यात. सांगलीतलं सोनार आटवून देतो म्हणत्यात, नीट करून द्यायला सवतीला कुणी हात लावंना. कुणीतरी तुमचा पत्ता सांगितला."

बनुबाईनं पोत उचलून उजेडात धरली. टिकली गर्रकन फिरली आणि पाठमोरी झाली. बाईनं डोळे मिटून घेतले.

"अगं, हिला कडी एकच हाय. एका कडीवर टांगलं की कुणीबी फिरतंय. त्यात रागाबिगाचं काय न्हाई."

"खरं?"

"वर दोन कड्या लावल्या, दोन्हीतनं दोरा घेतला, की समोर बघत बसंल. पाठ करायची म्हणली तरी करता यायची न्हाई."

"मग दोनच लावा. पर आटवू नगा, आक्का. जीव हाय तिच्यात."

बाईचं नाव शालू. नवरा सांगलीत हळदीच्या अडतीवर मुकादम. जाताना ती उंबऱ्याशी थांबली आणि बनुबाईच्या हातातल्या टिकलीला तिनं नमस्कार केला. बनुबाईला हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

ती गेल्यावर बनुबाईनं शेगडीवर निखारे फुलवले. टिकलीच्या पाठीमागं लाख थापलेली होती. ती काढल्याशिवाय कडी झाळून जोडता आली नसती. चिमट्यात धरून तिनं टिकली नुसती धगीवर शेकवली आणि मऊ झालेली लाख सुईनं कोरून काढली. खालून पोकळ, फुगीर पाठ निघाली. जुन्या डोरल्याची वाटी घेऊन तिच्या तोंडावर आकृतीचा पत्रा बसवला होता. काम तसं घाईचं होतं. वाटीचा काठही नीट घासलेला नव्हता.

काठाला दोन बारके खड्डे होते.

बनुबाईनं टिकली पदरानं पुसली. परत बघितली. मग करंगळीचं नख एका खड्ड्यात टेकवून बघितलं, दुसऱ्यात टेकवून बघितलं. गळ्यातली आपली वाटी तिनं पुढं ओढली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. एकाच घडणीच्या, एकाच घेराच्या. तिला त्या क्षणी पहिली आठवण झाली ती नवऱ्याची नव्हे. गळ्याशी बिलगून लाळेनं सगळी पोत ओली करणारं तोंड आठवलं.

नंतर तिनं नवऱ्यासाठी कारणं शोधायला घेतली. सोनं काय एका गळ्यात बसून राहतं? आज सकाळीच तिनं दहिवडीच्या कुण्या म्हातारीचं कानातलं एका वकिलाच्या लेकीच्या गळ्यात ओवलं होतं. वाटी फिरत फिरत कुठल्या कुठं गेली असेल. त्यानं अडचणीत विकली असेल. मग कुण्या सोनारानं ती या बाईच्या नवऱ्याला दिली असेल. गोदीत चोऱ्या होतात म्हणे. तिनं नाथाजीला उपाशी ठेवलं, आजारी पाडलं, चोरांकडून मारही खायला लावला. खोटं बोलायला तेवढं लावलं नाही.

शेजारचा आकाराम सोनार तिची झाळायची कामं करून देई. त्याच्यापुढं तिनं टिकली ठेवली.

"मागं साधी पत्र्याची पाठ लावली तर?" तिनं विचारलं.

"व्हईल की. वाटी सुटी निघंल."

"आणि वाटी?"

"तिचं तुमी काय करायचं ते करा." आकारामनं टिकली भिंगाखाली धरली. "काठ चेपलाय बगा दोन जागी. ठोकून सरळ करू?"

"न्हाई!" बनुबाई केवढ्यानं तरी ओरडली. आकाराम भिंगावरून तिच्याकडं बघत राहिला. "हात लावू नगंस," ती सावरून म्हणाली. "थांब जरा. बाईला इचारते, मग सांगते."

टिकली तिनं घरी आणली आणि डब्यात ठेवली. दिवसातून कितीदा तरी तो डबा उघडला.

शालू परत आली ती म्हाळाचा पंधरवडा तोंडावर आलेला असताना. पिशवीतून तिनं हळकुंडांची पुडी काढून बनुबाईपुढं ठेवली.

"झाली का, आक्का?"

"कड्या लावायच्या हायती." बनुबाईनं पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवला आणि मणी ओवायला घेतले. हात कामात असले की बोलणं सोपं जातं. "सवतीचं नाव ठावं हाय का तुला?"

"हाय की. नाव घेऊनच निवद दावायचा असतो." शालूनं आधी हात जोडले. "बनुबाई. माणातल्या हुत्या."

मणी सुईपाशी येऊन थांबला. बनुबाईनं तो पुढं ढकलला.

"कशानं गेली?"

"पटकीनं. ह्येंच्या मांडीवर डोकं ठिवून गेल्या म्हणं. ह्येंनी पाणी पाजलं आणि मान टाकली. एक पोरगं हुतं, त्येबी त्याच दिशी गेलं. मायलेकाला एकाच जागी माती दिली ह्येंनी." शालूनं पदरानं डोळे टिपले. खरोखरच टिपले. "आमच्या बाबांनी लगीन ठरवताना सांगितलं, पयली वारलेली असंल तर सवत घातल्याशिवाय पोरगी देणार न्हाई. ह्ये म्हणालं, तिच्याच डोरल्यातली वाटी जपून ठिवलीया, तिचीच करतो. म्हणून तर ती एवढी कडक हाय. दुसऱ्या कुणाच्या सोन्याची असती तर गप बसली असती."

बनुबाईला वाटलं, आत्ताच्या आत्ता या पोरीचा हात धरावा आणि आपल्या गळ्यावर ठेवावा. हे बघ, ही जोडीची वाटी. हे बघ, ऊन हाय अंग. तिनं मान वर केली. शालू एक हात पोटावर ठेवून बसली होती. अजून दिसण्यासारखं काही नव्हतं, तरी हात तिथंच होता.

पोराला एकाच दिवशी मारलं होतं त्यानं. आईबरोबर. गोवरात सात रात्री तिनं एकटीनं मांडीवर घेऊन काढल्या तेव्हा हा मुंबईत होता, आणि आता त्या मांडीच्या जागी त्यानं स्वतःची मांडी ठेवली होती. नवरा गेल्याचा नाही, दुसरी केल्याचाही नाही, तिला संताप आला तो याचा. एवढा संताप, की सुई बोटात रुतली तरी तिला कळलं नाही.

"रगत आलं, आक्का."

"येऊ दे."

शालू घुटमळली. मग म्हणाली, "एक इचारू का? राग मानू नगा. अहेव नवमीला त्यांच्या नावानं आमी सवाष्ण जेवायला घालतो. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी घालायचीच असती. पर ह्या साली आमच्या आळीतली एकबी बाई यायला तयार न्हाई. भित्यात. म्हणत्यात, तुझी सवत कडक, जेवायला बसवून वर आमास्नीच धरायची." ती ओशाळं हसली. "तुमी सवाष्ण हायसा. तिला नीट बसवणाऱ्याबी तुमीच. तुमी याल का?"

"मी?"

"तुमच्या तोंडानं ती जेवली तर लय समाधान व्हईल बगा मला."

बनुबाईनं बोट तोंडात घालून रक्त चोखलं.

"मालक असत्यात का त्या दिशी घरी?"

"असत्यात तर! रजा टाकत्यात. सवाष्णीचं पाय त्येच धुत्यात दर साली, मला हात लावू देत न्हाईत. लय माया हुती म्हणं तिच्यावर."

बाहेर बोळात कल्हईवाला ओरडत गेला. बनुबाईनं पायाच्या अंगठ्यातला दोरा सोडवला.

"येते," ती म्हणाली. "सवत घेऊनच येते. माझ्या हातानं बांधते तुझ्या गळ्यात."

त्याच संध्याकाळी ती आकारामकडं गेली. वाटी सुटी काढायची नाही, तिथंच राहू दे, असं तिनं सांगितलं. खड्ड्यांना हात लावायचा नाही. वर दोन कड्या, चांगल्या जाड, आणि झाळ अशी दे की ओढली तरी तुटता कामा नये.

"एवढी दांडगी?" आकाराम म्हणाला. "बैल बांधायचा हाय का आक्का?"

"बांधायचाच हाय," ती म्हणाली.

नवमीला सांगलीत उन्हाचा तडाखा होता. हळदीच्या पेठेत रस्त्यावर, दारांवर, माणसांच्या भुवयांवर पिवळी धूळ बसलेली होती. शालूचं घर दोन खोल्यांचं, नीट सारवलेलं. आतून पुरणाचा वास येत होता. शालूनं दारातच तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि तिला आत घेतलं.

"ह्ये परसात आंघुळ करत्यात. तवर बांधता का?"

बनुबाईनं रुमालातून पोत काढली. शालू पाठ करून बसली. तिच्या मानेवरचे केस बाजूला करून बनुबाईनं गाठ मारली, गाठीवर गाठ मारली. शालूनं वळून टिकली चाचपली. मान डावीकडं केली, उजवीकडं केली, वाकून बघितलं, उठून बघितलं.

"फिरंना, आक्का!" ती लहान पोरीसारखी हसली.

मग तिनं पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली, पुढं पितळी परात ठेवली. बनुबाई पाटावर बसली. पदर तिनं डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला होता, सवाष्ण बसते तसा. लुगड्याच्या निऱ्या जरा वर घेऊन तिनं दोन्ही पाय परातीत ठेवले.

नाथाजी ओल्या अंगावर उपरणं घेऊन आला. पाठीत थोडा वाकला होता. केस पिकले होते, नखांच्या कडा हळदीनं पिवळ्या. हातात पाण्याचा तांब्या. पाहुणीच्या तोंडाकडं बघायचं नसतं म्हणून म्हणा किंवा दर वर्षीची सवय म्हणून म्हणा, मान खाली घालूनच तो उकिडवा बसला. ओठांत काहीतरी पुटपुटला. त्यातलं नाव बनुबाईला ऐकू आलं. कितीतरी वर्षांनी ते कुणीतरी घेत होतं, आणि घेणारा तोच होता.

डाव्या पायावर त्यानं पाणी घातलं, हातानं चोळलं, पुसलं. मग उजव्या पायावर धार धरली आणि चपट्या अंगठ्यावरून हात फिरवला.

हात तिथंच राहिला.

तांब्यातलं पाणी पडत राहिलं. परात भरली, काठावरून सांडली, रांगोळी ओली करून पाटाखाली गेली. तांब्या रिकामा झाला तरी त्यानं तो तिरकाच धरलेला होता. बनुबाई त्याच्या डोक्यावरच्या पांढऱ्या केसांकडं बघत होती. आता हा मान वर करील, असं तिला वाटलं. काहीही म्हण, ती मनात म्हणाली. चुकलो म्हण, न्हाईतर चालती हो म्हण. पण मला बघून म्हण.

"आवं, पाणी सांडलं की," शालू आतून ताट घेऊन येत म्हणाली.

नाथाजीनं तांब्या खाली ठेवला. उपरण्याच्या टोकानं उजवा पाय पुसला, घाईघाईनं, नीट न पुसताच. उठला. मान वर न करता भिंतीकडं बघून बोलला, आणि आवाज त्यानं अगदी रोजचा काढला.

"शालू, बिगीबिगी वाढ. बाईंना लांब जायचंय. एसटी चुकंल त्यांची."

बनुबाईनं कपाळावरचा पदर मागं सारला. गळ्यातली एक वाटी आणि पोवळं उघडं पडलं.

"मला घाई न्हाई, बाई," ती शालूला म्हणाली. "सावकास वाढ."

शालू खूश झाली. पुरणपोळी वाढायला ती ताटावर वाकली, तेव्हा तिच्या गळ्यातली सवत पुढं लोंबली आणि नाथाजीच्या बाजूला तोंड करून तशीच राहिली. फिरली नाही.